फालूनची तांब्याची खाण पाहून आले. आता घरातल्या भांड्यांवर कारागिराचे नाव शोधते आहे

मंगळवारतळे

नमस्कार मंडळी. जूनमध्ये तीन आठवडे लेकाकडे स्टॉकहोमला होते. राजवाडा, बोटी, बेटे यांतले काय बघायचे असे त्याने विचारले, तेव्हा मी म्हटले, मला तांब्याची खाण बघायची आहे. तो दोन क्षण गप्प झाला आणि मग म्हणाला, "आजोबांसाठी ना?"

माझे सासरे तांबट. साताऱ्यात आमच्या घराच्या पडवीत त्यांची ऐरण होती. लग्न होऊन आले तेव्हा पहिले काही महिने त्या ठोक्यांनी डोके उठायचे. पुढे असे झाले की ठोके थांबले की मी चुलीपासून उठून बघायला जाई, मामांजींना बरे आहे ना म्हणून. हंडे, कळश्या, घंगाळी, बंब, सगळे त्यांच्या हातून गेले. पत्रा यायचा पुण्याहून. त्याआधी तो कुठून येतो हे त्यांनाही माहीत नव्हते. "जमिनीतून येतं, आणि कुठून येणार," एवढेच म्हणायचे. ती जमीन एकदा बघावी असे माझ्या मनात फार वर्षे होते.

फालून स्टॉकहोमच्या वायव्येला आहे, रेल्वेने अडीच-तीन तास. स्टेशनापासून खाणीपर्यंत चालत जाता येते. वाटेत सगळी घरे एकाच रंगाची, गडद लाल. मला तर आपल्या तुळशीवृंदावनाला लावतो तो गेरूच वाटला. आणि तो जवळजवळ तोच निघाला! खाणीतून काढून टाकलेला, वर्षानुवर्षे उन्हापावसात पडून गंजलेला मुरूम धुऊन, भाजून, दळून त्याचा रंग करतात. त्यात लोहाचे प्रमाण मोठे, म्हणून लाल. पाणी, पीठ आणि जवसाचे तेल घालून खळीसारखा शिजवतात. स्वीडनभर लाकडी घरे दिसतात त्यांचा मूळ रंग हा. खाण बंद झाली तरी रंग अजून तिथल्याच ढिगाऱ्यातून निघतो.

खाणीच्या तोंडाशी गेले आणि पाय थबकले. डोंगराच्या पोटातून कुणी घास काढून घ्यावा तसा खड्डा. शंभर मीटरच्या आसपास खोल आणि साडेतीनशे मीटर रुंद. तो कुणी असा खणला नाही, खचून झाला. शेकडो वर्षे लोकांनी आतून पोखरले, तीन मोठे खड्डे आणि खाली दालनांचे जाळे झाले, मधले खांब बारीक होत गेले, आणि १६८७च्या २५ जूनला सगळे एकदम आत बसले. एकही माणूस मेला नाही, कारण त्या दिवशी त्यांचा उन्हाळ्याचा सण होता. वर्षातल्या मोजक्या सुट्ट्यांपैकी एक. कठड्याला धरून मी बराच वेळ उभी होते. आदल्या दिवशी खचली असती तर, एवढेच मनात येत होते.

आत जाताना हेल्मेट आणि रेनकोटसारखा झगा देतात. पायऱ्यांनी ६७ मीटर खाली उतरायचे. बाहेर छान ऊन, आत पाच-सहा अंश, बारमाही तेवढेच. भिंतींतून पाणी झिरपते, तोंडात धातूची चव येते. ती चव मला ओळखीची होती. पडवीत यायची.

खडक फोडायचे कसे, तर विस्तवाने. कड्याला लाकडे रचायची, रात्रभर पेटवायची. खडक तापून तडकला की मग हातोडा. सुरुंगाची दारू फार उशिरा आली. धूर जिथून वाट मिळेल तिथून बाहेर, आणि त्याच वाटांनी माणसे आत. एक विहीर आहे, क्रॉइट्झच्या नावाची, २०८ मीटर खोल. म्हणजे जवळजवळ तीन कुतुबमिनार एकावर एक. तिच्या आत वरपासून खालपर्यंत लाकडी भिंत उभी केली आहे. वरून वाकून बघताना लेकाने माझा दंड घट्ट धरला होता.

खाणीला मालकीण आहे असे तिथले कामगार मानत. आत शीळ घालायची नाही, वाईटवंगाळ बोलायचे नाही, नाहीतर ती रागावते. मला विहिरीवरच्या साती आसरा आठवल्या.

आता ज्याच्यासाठी हा धागा काढला ते सांगते. वर संग्रहालयात एका माणसाची गोष्ट आहे. मात्स इस्रायलसन, थोराड अंगाचा म्हणून त्याला 'फेट-मात्स' म्हणत. १६७७ साली एकटा खाणीत उतरला आणि परत आलाच नाही. ४२ वर्षांनी, १७१९च्या डिसेंबरात, पाण्याने भरलेल्या जुन्या बोगद्यात एक देह सापडला. कालच झोपलेल्या माणसासारखा, तरुण. खाणीच्या पाण्यातल्या क्षारांनी तो टिकला होता. कुणीच ओळखेना, कारण ओळखणारे मरून गेले होते. मग एक म्हातारी पुढे आली, मार्गारेटा ऊल्सडॉटर. हा माझा होणारा नवरा, म्हणाली. ती म्हातारी झालेली आणि तो तसाच.

मी तिथे बाकावर बसले आणि सालांचा हिशोब लावला. १६७७ म्हणजे महाराज दक्षिण दिग्विजयावर होते ते वर्ष. १६८७ला ती खाण खचली, त्याच वर्षाअखेरीस इथे वाईजवळ हंबीरराव मोहिते पडले. आणि १७१९ म्हणजे बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून सनदा घेऊन आले आणि येसूबाईंना सोडवून साताऱ्यात आणले ते वर्ष. जवळजवळ तीस वर्षांच्या कैदेनंतर. एकाच वर्षी तिकडे एका बाईला तिचा माणूस मिळाला आणि इकडे एका मुलाला त्याची आई. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही हे मला कळते, तरी तिथे बसून मला रडू आले.

घरी आल्यावर माळ्यावरची तांब्या-पितळेची भांडी काढली. फार उरली नाहीत. मामांजी गेल्यानंतर बंब आणि मोठे घंगाळ आम्ही मोडीत घातले. पैशांची नड होती. वजन झाले, पैसे मिळाले, विषय संपला. उरलेल्या प्रत्येक भांड्यावर नाव घातलेले आहे. देणाऱ्याचे, घेणाऱ्याचे, लग्नाची तिथी, गाव. करणाऱ्याचे नाव एकावरही नाही. माझ्याच सासऱ्यांनी घडवलेल्या तांब्यावर माझ्या मावशीचे नाव आहे आणि त्यांचे नाही.

फालूनमध्ये तीनशे वर्षांपूर्वीच्या साध्या खाणकामगाराचे नाव लोकांना पाठ आहे. आपल्या तांबटांचे का नाही? तुमच्या घरी कुठल्या भांड्यावर कारागिराची काही खूण दिसते का? कृपया बघून सांगा.

जुना_नाणेवाला

ताई, लेख दोनदा वाचला. भांड्यांवरचे कारागीर माझा विषय नाही, नाण्यांचे थोडे सांगतो.

त्या संग्रहालयात ताटाएवढ्या तांब्याच्या पाट्या बघितल्या असतील, चार कोपऱ्यांत आणि मध्ये शिक्का मारलेल्या. ते चलन आहे. स्वीडनकडे चांदी कमी, तांबे मुबलक. म्हणून १६४४ साली, क्रिस्टिना राणीच्या काळात, त्यांनी तांब्याचीच किमतीइतक्या वजनाची नाणी काढली. दहा डालरच्या पाटीचे वजन १९.७ किलो. शिवराई साधारण ११ ते १३ ग्रॅमची. म्हणजे त्या एका पाटीत दीड हजारावर शिवराया बसतील! बाजारात जायचे तर हातगाडी हवी. या वजनाला कंटाळूनच १६६१ साली स्टॉकहोमच्या बँकेने कागदी नोटा काढल्या, युरोपातल्या पहिल्या.

चलन काढण्यामागे आणखी एक हिशोब होता. तांबे देशातच नाण्यांत अडकवून ठेवले की बाहेरच्या बाजारात भाव पडत नाही. सतराव्या शतकाच्या मध्यात फालूनमधून वर्षाला तीन हजार टनांच्या आसपास तांबे निघत होते, युरोपच्या गरजेचा मोठा हिस्सा. त्यांना स्पर्धा होती जपानी तांब्याची. ते डच कंपनी आणायची आणि सुरतेला, कोरोमंडल किनाऱ्यावर विकायची. डचांची वखार आपल्या वेंगुर्ल्यालाही होती. तेव्हा आपल्याकडच्या जुन्या हंड्यातले तांबे कुठल्या डोंगरातले असेल, याचा शोध एखाद्या धातुतज्ज्ञाने घ्यावा असे मला फार वाटते.

द्राक्षवेल_तासगाव

मंगळवारतळे ताई, तो देह ज्याने टिकला ते आम्ही दरवर्षी पोत्यांनी आणतो. मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार! तिथल्या पाण्यात हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षारही असणार, कारण गंधकाचा खडक पाण्या-हवेत कुजला की दोन्ही सुटतात. बुरशी, किडे, जंतू कुणालाच ते मानवत नाही, म्हणून प्रेत सडले नसणार.

ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लांबला की वेलीवर डाऊनी नावाची बुरशी येते, तेव्हा बोर्डो मिश्रण फवारतो. एक टक्का म्हणजे शंभर लिटर पाण्याला किलोभर मोरचूद आणि किलोभर कळीचा चुना. आमचे वडील मिश्रण झाले की त्यात विळ्याचे पाते बुडवायचे. पात्यावर तांबूस लेप चढला तर चुना कमी पडला, अजून घाला. तो लेप म्हणजे खरे तांबे. लोखंड विरघळते आणि त्याच्या जागी तांबे बसते. वेल्समधल्या पॅरिस डोंगराच्या खाणीत तर याच रीतीने तांबे काढत. खाणीचे निळे पाणी हौदात घ्यायचे, त्यात भंगार लोखंड टाकायचे आणि तळाशी बसलेला तांब्याचा गाळ काढायचा.

लहानपणी मला वाटायचे विळ्याला जादू आहे. तुमच्या धाग्यामुळे वडिलांची फार आठवण झाली.

कृष्णाकाठचा

लेख मनापासून लिहिला आहे, पण एक बाजू राहिली असे वाटते. आपण लाल घरे आणि प्रेमकथा बघून येतो. तिथे खनिज उघड्यावर ढीग घालून आठवडेच्या आठवडे भाजायचे, गंधक उडवून लावायला. त्या धुराने गावाभोवती झाड उरले नव्हते. कार्ल लिनियस, वनस्पतींना दोन-दोन नावे देण्याची पद्धत रूढ करणारा तोच, १७३४ला तिथे गेला होता. स्वीडनचे मोठे आश्चर्य पण नरकासारखे भयंकर, अशा अर्थाचे त्याने लिहून ठेवले आहे. उघड्या अंगाने काम करणारी, घामाने निथळणारी माणसे त्याने पाहिली. आणि तुमच्या त्या मात्सला मेल्यावरही सोडले नाही. लोकांना बघायला ठेवला, १७४९ला पुरला, पुढे चर्चच्या दुरुस्तीत वर आला तर काचेच्या पेटीत ठेवला. नीट माती मिळाली ती १९३०ला. नाव लक्षात राहिले हे खरे, पण त्याची किंमत कुणी मोजली?

मंगळवारतळे

कृष्णाकाठचा, तुमचे म्हणणे मान्य आहे, आणि ते मी लिहायला हवे होते. संग्रहालयात हे लपवलेले नाही. गावाभोवती तांबे वितळवून उरलेल्या मळीचे काळे डोंगर अजून तसेच आहेत, त्यावर आज कुठे झाडे दिसतात. लिनियसचे लग्न फालूनच्याच मुलीशी झाले, म्हणजे तो पाहुणा म्हणून बघून विसरणारा नव्हता.

काचेच्या पेटीचे वाचून मलाही वाईट वाटले. मार्गारेटाने त्याला बघायला ठेवू द्यायला संमती दिली तेव्हा तिच्या मनात काय असेल? मात्र तो कोण होता हे तिच्यामुळे कळले. ती पुढे आली नसती तर तो 'खाणीत सापडलेला एक देह' एवढाच राहिला असता. माझा जीव त्याच ठिकाणी अडकला आहे.

यवतेश्वर

आपल्या जिल्ह्यात तांब्याची खाण कधी होती का? मुलगी सातवीत आहे, तिला हा लेख वाचून दाखवला तर तिने हे विचारले.

जुना_नाणेवाला

लेकीला सांगा, सातारा म्हणजे सगळा काळा पाषाण, लाव्हारसाचे थरावर थर. त्यात खाण काढण्याजोगे तांबे नाही. देशातले तांबे मुख्यतः राजस्थानात खेत्री, मध्य प्रदेशात मलांजखंड आणि झारखंडात सिंहभूम इथून येते. पण तांब्याचे काम आपल्याकडे अतिशय जुने. नगर जिल्ह्यात दायमाबादला १९७४ साली रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी चार चित्रे सापडली. चारही भरीव, मिळून साठ किलोंवर. एवढे तांबे साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वी कुठून तरी वाहून आणले असणार. रथ हाकणाऱ्याची मूर्ती तिला आवर्जून दाखवा.

पितळी_डबा

ताई, व्यवहाराचा प्रश्न. आईबाबांना सप्टेंबरात तिकडे न्यायचे आहे. बाबांचे गुडघे दुखतात. खाली उतरणे झेपेल का? आणि तिथे खायला काय?

मंगळवारतळे

पायऱ्या भरपूर आहेत आणि ओल्याही. गुडघे दुखत असतील तर माझ्या मते बाबांनी वरच थांबावे. वरही बघायला पुष्कळ आहे. खड्ड्याच्या कडेने फिरता येते, संग्रहालयात पोलहेमने रचलेल्या यंत्रांच्या प्रतिकृती आहेत. क्रिस्टोफर पोलहेम हा तिथला मोठा यंत्रज्ञ, पाणचक्कीच्या बळावर खाणीतून माल वर ओढायची यंत्रे त्याने केली. बाबांना त्यांत नक्की गोडी वाटेल. आत जाणाऱ्यांनी स्वेटर आणि बंद बूट घ्यायचेच, चप्पल नको. आतली फेरी तासाभराची आहे.

खाण्याचे म्हणाल तर आम्ही शाकाहारी, दशम्या आणि चटणी नेली होती. तिथले 'फालुकोर्व' नावाचे सॉसेज प्रसिद्ध आहे. ते खाणीमुळेच जन्मले असे सांगतात. खाणीच्या दोरखंडांना बैलांची कातडी लागायची, बैल हजारोंनी कापले जायचे आणि मांस उरायचे, त्याचे हे.

घाटावरची

मी वाईची. तुमचा पहिला प्रश्न कुणीच घेतला नाही म्हणून लिहिते. माझे वडील तांबट. वय ८१, हात आता थरथरतो, काम थांबून बरीच वर्षे झाली. काल त्यांना सगळा धागा वाचून दाखवला. मात्स सापडतो तिथे त्यांनी मला थांबवले आणि पुन्हा वाच म्हणाले.

नावाबद्दल ते म्हणाले, "आम्ही नाव कशाला घालू? मठार असतो की."

मी समजावून घेतले ते असे. भांडे घडल्यावर त्यावर हातोडीने जवळजवळ ठोके घालत जायचे, त्याला मठारणे म्हणतात. पत्रा त्याने घट्ट होतो आणि उजेड पडला की चकाकतो. प्रत्येकाच्या ठोक्याची ओळ वेगळी. कुणाची उजवीकडे चढत जाते, कुणाचे ठोके गोल, कुणाचे किंचित लांबट. डावखुऱ्याचे तर लगेच कळते. बुडाकडून सुरुवात कुठे केली आणि ओळ परत येऊन कुठे जुळवली, तो जोड प्रत्येकाचा वेगळा. आजोबांचे, त्यांच्या भावाचे आणि पेठेतल्या आणखी चौघा-पाचजणांचे काम ते अजून ओळखतात. मी घरातली सात भांडी समोर ठेवली. पाच त्यांनी सांगितली. एकाबद्दल म्हणाले, "हे बाबांचं, पण ताप असताना केलेलं." ते कसे कळले ते त्यांना मला सांगता आले नाही. एक पुण्याचे आहे म्हणाले, मशीनवरचे एक बाजूला सारले.

द्राक्षवेल_तासगाव

घाटावरची ताई, हे सगळे मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा. आजच. वडील गेल्यावर मला त्यांचा आवाज कुठेच सापडला नाही. आमच्याकडे आजीचे एक घंगाळ आहे, मठाराचे फोटो उद्या दिवसा उजेडात काढून इथे टाकतो. वडिलांना फोटोवरून कळेल का?

घाटावरची

रेकॉर्डिंग कालच सुरू केले. फोटोवरून नाही म्हणाले. भांडे हातात फिरवावे लागते, बोटाने बघतात. आणि घासू नका, चिंच किंवा लिंबू अजिबात लावू नका. काळे असेल तर काळेच आणा. घासून घासून ठोका मरतो म्हणाले.

मंगळवारतळे ताई, तुमच्या सासऱ्यांचे आडनाव न सांगताच त्यांनी मला विचारले, "साताऱ्यातला म्हणजे पडवीत बसायचा तो का? डाव्या पायाने पत्रा धरायचा?"

मंगळवारतळे

हो. डाव्या पायाने धरायचे. उजव्या पायाचा अंगठा लहानपणी ऐरणीखाली सापडला होता.

घाटावरची, हे वाचून मी अर्धा तास काही लिहू शकले नाही. मामांजींना जाऊन एकवीस वर्षे झाली. ते काम करताना कसे बसायचे हे आमच्या घराबाहेर कुणाला आठवत असेल असे वाटले नव्हते.

रविवारी सकाळी आठच्या एसटीने वाईला येते. तुमच्या वडिलांना सवडीची वेळ कोणती ते कळवा, त्यांना त्रास होईल असे काही करायचे नाही. मावशीच्या नावाचा तांब्या आणि आणखी एक कळशी आणते आहे. कळशी कुणी घडवली ते घरात कोणालाच माहीत नाही. दोन्ही घासलेली नाहीत.